एका दाढेची साक्ष

आपल्या तोंडांत अहोरात्र चाकरी करणाऱ्या दातांचा विचार, ते दुखूं लागल्यावांचून, आपण सहसा करीत नाहीं. परंतु प्राण्याचें शरीर मातीला मिळाल्यावर, मांस व कातडें नाहींसें झाल्यावर, पुष्कळदां हाडेंही झिजून गेल्यावर, जो अवयव मागें राहतो तो दातच होय. पृथ्वीच्या पोटांत गाडल्या गेलेल्या प्राचीन सस्तन प्राण्यांचा जो इतिहास आज आपणांस ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग त्यांच्या दातांवरूनच लिहिला गेला आहे. मग एखादा अनोळखी दात सांपडला असतां तो कोणत्या प्राण्याचा हें विद्वान् लोक कसें ठरवितात, आणि ठरवितांना त्यांचीही केव्हां केव्हां कशी फसगत होते, याविषयींची एक खरी हकीकत प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. हकीकत अमेरिकेंतील आहे. पण तिच्यांतील बोध आपल्या शाळेंतील प्रत्येक बांकावर उपयोगीं पडेल असा आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नेब्रास्का नांवाचें एक संस्थान आहे. त्याच्या वायव्य भागांत स्नेक क्रीक या नांवानें ओळखले जाणारे प्राचीन गाळाचे थर असून त्यांत अश्मीभूत हाडें विपुल सांपडतात. हॅरल्ड कुक नांवाचे एक गृहस्थ त्या प्रांतीं राहत असत. त्यांच्या घरीं गुरांचा मोठा खटला होता व भूगर्भशास्त्राचा त्यांनीं चांगला अभ्यास केला होता. १९१७ सालीं त्यांस या थरांत एक लहानशी, झिजलेली दाढ सांपडली. ती त्यांनीं जपून ठेविली. पुढें १९२२ च्या फेब्रुवारींत त्यांनीं न्यूयॉर्क येथील सृष्टिविज्ञानाच्या अमेरिकन पदार्थसंग्रहालयाचे अध्यक्ष हेन्री फेअरफील्ड ऑस्बर्न यांस तिजविषयीं पत्र लिहिलें, आणि मार्च महिन्यांत ती दाढ ऑस्बर्न यांच्या हातीं पडली.

आतां पुढें जाण्यापूर्वीं आपण क्षणभर त्यांच्या मेजापाशीं उभे राहूं आणि अनोळखी दातास कोणते प्रश्न विचारावयाचे असतात तें पाहूं.

पहिला प्रश्न असा कीं, ही वस्तु खरोखर दातच आहे काय? दाताच्या माथ्यावर दंतवल्क नांवाचें चकचकीत कवच असतें. प्राण्याच्या शरीरांत याहून कठीण पदार्थ दुसरा नाहीं. तें जेथें फुटलेलें असेल तेथें आंतील निराळ्या रंगाचा, हाडासारखा पण हाडाहून घट्ट असा थर दिसतो. नदींतील कित्येक गोटे दाताच्या आकाराचे असतात. परंतु त्यांस असें कवच नसतें आणि मूळही नसतें.

दुसरा प्रश्न, हा दात सस्तन प्राण्याचा आहे काय? मगरीचे दात पाहिले तर ते पुढून मागपर्यंत बहुतेक एकाच घडणीचे दिसतात. सस्तन प्राण्याच्या तोंडांत मात्र कामाची वांटणी झालेली असते. पुढें तोडण्यासाठीं पटाशीचे दात, त्यांच्या कडेस सुळे, त्यांच्या मागें उपदाढा व शेवटीं दाढा अशी ही रचना असते. दाढेस बहुधा दोन किंवा अधिक मुळें असतात, आणि तिच्या माथ्यावरील उंचवटे व खळगे अशा बेतानें घडविलेले असतात कीं, वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यांत नेमका जाऊन बसावा.

तिसरा प्रश्न, हा प्राणी काय खात होता? गाय व घोडा यांस गवत दळावें लागतें. म्हणून त्यांच्या दाढांचा माथा टांकी लावलेल्या जात्याच्या तळीप्रमाणें कंगोऱ्यांचा असतो. वाघ व मांजर यांस मांस कापावयाचें असतें. म्हणून त्यांचे गालांतील दात कातरीच्या पात्यांसारखे एकमेकांवरून सरकतात. हत्तीची दाढ म्हणजे उभ्या चपट्या वड्या एकापुढें एक जोडून केलेला जणूं ठोकळाच. आणि जो प्राणी फळें, कंद, किडे, मांस असें जें मिळेल तें खातो, त्याच्या दाढेवर बोथट व गोलसर उंचवटे असतात. अस्वल, डुक्कर, वानर व मनुष्य हे सर्व या शेवटच्या वर्गांत मोडतात. हा मुद्दा वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व घोटाळ्याचें बीज त्यांतच आहे.

चौथा प्रश्न, तोंडांतील त्याची जागा कोणती आणि तो झिजला आहे किती? एकाच प्राण्याची पुढील उपदाढ व मागील दाढ यांत पुष्कळ अंतर असतें. शिवाय, जुन्या नाण्यावरील अक्षरें जशीं हाताळून पुसट होतात, तसे म्हाताऱ्या प्राण्याच्या दाढेवरील उंचवटे झिजून सपाट होतात व ओळखीच्या खुणाच नाहींशा होतात. पांचवा आणि शेवटचा प्रश्न, तो दात कोणत्या ठिकाणीं व कोणत्या थरांत सांपडला, आणि त्याच थरांत दुसरे कोणते प्राणी आढळले आहेत? या पांचही प्रश्नांचीं उत्तरें जमवून मग ओळखीच्या दातांच्या संग्रहाशीं मापें घेऊन तुलना करावयाची असते.

ऑस्बर्न हे आपल्या शास्त्रांतील मान्यवर पंडित होते. त्यांनीं सहकाऱ्यांसह त्या दाढेची मनुष्याच्या व वानरांच्या दातांशीं तुलना केली, आणि ही दाढ मानवसदृश वानराचीच असली पाहिजे असें त्यांचें मत झालें. २५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं तें मत छापून प्रसिद्ध केलें, व त्या अज्ञात प्राण्यास ‘हेस्परोपिथेकस’ म्हणजे ‘पश्चिमेकडील वानर’ असें नांव दिलें. नांवाच्या दुसऱ्या भागांत कुक यांचाही गौरव करण्यांत आला. अमेरिका खंडांत माकडें पुष्कळ आहेत; परंतु चिंपांझी, गोरिला यांच्यासारखा बिनशेपटीचा मोठा वानर तेथें मूळचा म्हणून कधींच आढळलेला नाहीं. तेव्हां ही घोषणा खरी असती तर मोठी नवलाची ठरली असती. पण नवल जितकें मोठें तितका पुरावा भक्कम हवा. आणि येथें तर सगळा पुरावा एका बोटाच्या पेरावर मावण्याजोगा होता.

बातमी समुद्रापार गेली. इंग्लंडांतील प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ ग्रॅफ्टन एलियट स्मिथ यांनीं या शोधाचें मोठ्या उत्साहानें स्वागत केलें. २४ जून १९२२ च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकांत त्यांच्या लेखाबरोबर फॉरेस्टिअर नांवाच्या चित्रकाराचें एक चित्र प्रसिद्ध झालें. त्यांत एक पुरुष व एक स्त्री, त्यांच्या भोंवतीं त्या काळचे उंट व घोडे, असा सर्व देखावा होता. एका दाढेपासून दोन माणसें आणि त्यांचा परिसर निर्माण झाला! असलें चित्र केवळ कल्पनाविलास असून त्यास शास्त्रीय मोल नाहीं, असें स्वतः ऑस्बर्न यांनीं म्हटलें. परंतु वाचकांच्या मनांत चित्र जितकें खोल उतरतें तितकें त्याखालचें सावधगिरीचें वाक्य उतरत नाहीं, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे.

या दाढेवर दुसराही एक भार घालण्यांत आला. त्या दिवसांत अमेरिकेंत उत्क्रांतिवादावरून मोठी खडाजंगी चालू होती. विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे नामांकित वक्ते व मुत्सद्दी उत्क्रांतिवादाचे कट्टर विरोधक होते, आणि त्यांची सार्वजनिक कारकीर्द नेब्रास्कांतच उदयास आली होती. ऑस्बर्न यांनीं त्यांस टोला मारिला कीं, तुमच्याच संस्थानांतील भूमि तुमच्या विरुद्ध साक्ष देत आहे. अशा रीतीनें जी वस्तु शांतपणें तपासावयाची ती वादाच्या रणांत शस्त्र म्हणून उगारली गेली.

सर्वच विद्वान् मात्र वाहवत गेले नाहींत. लंडन येथील आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनीं ही दाढ एखाद्या प्राचीन अस्वलाची असूं शकेल अशी शंका प्रकट केली. शंका बरोबर दिशेची होती. प्राणी मात्र निराळा निघाला. दुसरीकडे न्यूयॉर्क येथील विल्यम ग्रेगरी व मायलो हेलमन यांनीं कसून तुलना करून १९२३ सालीं जें मत दिलें तें वानर व मनुष्य यांच्या बाजूनेंच झुकणारें होतें.

वादाचा निकाल वादानें लागत नाहीं, पुराव्यानें लागतो. म्हणून १९२५ सालच्या उन्हाळ्यांत संग्रहालयाच्या मंडळींनीं मूळ जागीं जाऊन पुन्हां शोध आरंभिला, व पुढेंही तो चालू ठेविला. त्या शोधांत तशाच घडणीचे आणखी दात हातीं आले, आणि कमी झिजलेल्या दातांशेजारीं ती जुनी दाढ ठेवून पाहतांच कोडें सुटलें. ती दाढ वानराची नव्हती, मनुष्याची तर नव्हतीच. ती होती पेकरी नांवाच्या प्राण्याची. पेकरी हा डुकराचा अमेरिकेंतील भाऊबंद असून त्याच्या कांहीं जाति आजही त्या खंडांत नांदत आहेत. ही दाढ त्यांच्यापैकीं प्रोस्थेनॉप्स नांवाच्या एका नष्ट झालेल्या कुळीची होती. सर्व खाणाऱ्या प्राण्यांच्या दाढांवर बोथट उंचवटे असतात हें आपण वर पाहिलें. ते उंचवटे झिजून गेले, दाताचे कांठ पाण्यानें व वाळूनें घासून गुळगुळीत झाले, म्हणजे डुकराचा भाऊबंद आणि मनुष्याचा नातलग यांत निवड करणें पंडितांसही जड जातें.

या प्रकरणांतील सर्वांत चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. १९०९ सालीं, म्हणजे ही दाढ सांपडण्यापूर्वीं आठ वर्षें, मॅथ्यू नांवाच्या शास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यांत याच पेकरीच्या उपदाढा मानवसदृश प्राण्यांच्या दातांशीं विलक्षण जुळतात व माहिती नसलेला मनुष्य त्यांत सहज फसेल, असा स्पष्ट इशारा देऊन ठेविलेला होता. त्या निबंधाचे दुसरे लेखक कोण होते म्हणाल तर स्वतः हॅरल्ड कुक! आपण आपल्या हातानें लिहिलेला इशारा आपणच विसरावा, ही मनुष्यस्वभावाची गंमत आहे. ज्ञान नसल्यामुळें येथें चूक झाली नाहीं; जें पाहण्याची मनास ओढ होती तेंच डोळ्यांस दिसलें, म्हणून चूक झाली.

आणि तरीही या हकीकतीचा शेवट लाजिरवाणा नाहीं. १९२७ च्या डिसेंबरांत ‘सायन्स’ या प्रमुख शास्त्रीय नियतकालिकांत, हेस्परोपिथेकस हा वानरही नव्हे व मनुष्यही नव्हे, असें जाहीर करणारा लेख प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे दुसरे कोणी प्रतिस्पर्धी नव्हते. ज्यांनीं चार वर्षांपूर्वीं उलट बाजूस कौल दिला होता तेच ग्रेगरी होते. चूक शोधण्यासाठीं स्वतःच फावडें उचलणें आणि ती सांपडल्यावर चारचौघांत मोठ्यानें सांगणें, यास धैर्य लागतें. ब्रायन १९२५ च्या जुलै महिन्यांतच वारले होते, त्यामुळें हा निकाल त्यांस पाहावयास मिळाला नाहीं.

पुष्कळ श्रद्धाळू लोक या गोष्टीचा उपयोग शास्त्रज्ञांस हंसण्यासाठीं करितात. मला वाटतें तें योग्य नव्हे. ज्यांनीं एका दाढेच्या जोरावर श्रद्धेची थट्टा केली ते चुकले. पण एका दाढेच्या माघारीवरून सर्व शास्त्रविद्या खोटी असें जे म्हणतात तेही तीच चूक उलट बाजूनें करितात. दोघेही लहानशा पुराव्यावर मोठी इमारत चढवितात. ही सृष्टि परमेश्वराची आहे असें मानणाऱ्यास तिच्यांतील कोणत्याही सत्याचें भय वाटण्याचें कारण नाहीं. त्यानें भ्यावें तें फक्त घाईस आणि गर्वास.

एका दातावरून कांहींच कळत नाहीं असाही समज कोणी करून घेऊं नये. त्याच १९२७ सालीं चीन देशांत पेकिंग शहराजवळ झोउकोउदियन येथील गुहेंत एक दाढ सांपडली. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांतील शरीरशास्त्रज्ञ डेव्हिडसन ब्लॅक यांनीं ती प्राचीन मानवाची असल्याचें सांगितलें. तेव्हांही अनेकांनीं शंका घेतली, आणि शंका घेणें रास्तच होतें. परंतु खोदकाम नेटानें चालू राहिलें, व १९२९ च्या डिसेंबरांत पेइ वेनझोंग या तरुण चिनी शास्त्रज्ञास त्याच ठिकाणीं प्राचीन मानवाची कवटी सांपडली. म्हणजे एका दाढेची साक्ष खोटी ठरली, दुसरीची खरी ठरली. पण दोहोंचाही निवाडा पुढील शोधानेंच झाला. एकटा दात म्हणजे एकटा साक्षीदार. त्याचें म्हणणें नोंदवून घ्यावें, परंतु दुसरा साक्षीदार येईपर्यंत निकालपत्र लिहूं नये.

आपल्या देशांतही अशा साक्षीदारांची वाण नाहीं. नागपुरास १८४५ सालीं आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचें नांव तेथील महाविद्यालयामुळें सर्वश्रुत आहे. शाळा चालवितां चालवितां त्यांनीं नागपूर प्रांतांतील खडकांचा व अश्मीभूत अवशेषांचा मोठा व्यासंग केला. दख्खनच्या काळ्या दगडाच्या दोन थरांमध्यें सांपडणाऱ्या गाळांतून त्यांनीं गोड्या पाण्यांतील शिंपले व वनस्पतींचे अवशेष जमविले. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परत येतांना पूर आलेल्या ओढ्यांत त्यांचा अंत झाला. त्यानंतर सव्वाशें वर्षांनीं, १९८८ सालीं, जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी या भारतीय शास्त्रज्ञांनीं, आज तेलंगणांत असलेल्या नसकल या गांवच्या तशाच गाळांतून मिळालेल्या एका चिमुकल्या सस्तन प्राण्याच्या दातांचें वर्णन प्रसिद्ध केलें. गाळ भिजवून बारीक चाळणींतून गाळावा, आणि उरलेला चाळ सूक्ष्मदर्शकाखालीं कण कण निवडावा, तेव्हां कोठें एकदोन मिलिमीटरांचे असले दात हातीं लागतात. ते सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचे, म्हणजे डायनोसॉर नांवाच्या महाकाय प्राण्यांच्या अखेरच्या काळांतील, असून भारतांतील त्या युगाच्या सस्तन प्राण्याचा तो पहिलाच पुरावा होता. त्या प्राण्याचें नांव ठेविलें ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी’. पुढें १९९४ सालीं त्याच्या घोट्याचीं हाडें वर्णिलीं गेलीं व तो झाडावर चढणारा असावा असें दिसून आलें. त्याच्या कुळाविषयीं मात्र विद्वानांचीं मतें त्यानंतरही बदलत गेलीं आहेत, आणि तीं बदलल्याचें तें तें वेळीं छापून सांगितलें गेलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, गोदावरी, प्रवरा व नर्मदा यांच्या जुन्या गाळांत हत्ती, गोवंश इत्यादि प्राण्यांचे अश्मीभूत दात व हाडें सांपडलेलीं आहेत. सुटींत नदीकांठीं फिरतांना एखादा दात तुमच्याही हातीं येऊं शकेल. तसें झाल्यास तो उपटून काढण्याची घाई करूं नका. तो जेथें दिसला ती जागा व तो थर लिहून ठेवा. शेजारीं मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या. चाकूनें खरवडूं नका व आम्लांत बुडवूं नका. प्रथम गाय, म्हैस, घोडा, शेळी, डुक्कर या घरच्या प्राण्यांच्या दातांशीं तो ताडून पाहा, कारण दहांतून नऊ वेळां उत्तर तेथेंच मिळतें. तरीही ओळख न पटल्यास तो जवळच्या महाविद्यालयांतील भूगर्भशास्त्राच्या अध्यापकांस दाखवा. पालकांसही एक विनंती आहे कीं, मुलानें खिशांतून असा दगड किंवा दात काढिला तर त्यास रागें भरून तो उकिरड्यावर टाकूं नये. ‘हा कशाचा असेल बरें?’ एवढा प्रश्न त्यास विचारावा. पुष्कळांचें शिक्षण तेवढ्यानें सुरू होतें.

मात्र त्या प्रश्नाचें उत्तर देतांना ‘ठाऊक नाहीं’ म्हणण्याची लाज आपण बाळगूं नये. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत कोरी जागा सोडण्यापेक्षां कांहींतरी लिहावें अशी संवय आपणांस लागलेली असते, आणि वर्गांत विद्यार्थ्यानें प्रश्न विचारला असतां तोच मोह आम्हां शिक्षकांसही होतो. पौलानें थेस्सलनीकाकरांस सर्व गोष्टी पारखून पाहण्याचा उपदेश केला आहे. पारखावयाचें तें केवळ दुसऱ्याचें मत नव्हे; स्वतःचें मत आधीं पारखावयाचें. त्या झिजलेल्या दाढेनें मोठमोठ्या पंडितांस हेंच शिकविलें, आणि ते शिकले, यांतच त्यांचा मोठेपणा आहे.